टाकीतला हेवा

जमदाड्यांच्या गाडीच्या पेट्रोलमध्ये हेवा मिसळला होता. वाईच्या एसटी स्टँडमागे हमीद आतारांचं गॅरेज आहे. तिथं हमीदभाईंनी टाकीच्या तळाचा बोल्ट काढून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल घेतलं, बाटली उन्हात धरून पाहिली आणि शशिकांत जमदाड्यांच्या हातात दिली. वर नारिंगी पेट्रोल होतं. खाली दोन बोटं जाडीचा हिरवट थर बसला होता.

"पाणी असेल," शशिकांतराव म्हणाले.

"पाणी हलवलं की फुटतं," हमीदभाई म्हणाले. त्यांनी बाटली परत घेऊन जोरात हलवली. पेट्रोल हिंदकळलं, हिरवा थर जागचा हलला नाही. "हे बघा. धरून बसतंय. हेवाच आहे हा."

शशिकांतरावांची बायको, कुमुदताई, गाडीच्या दाराला टेकून उभ्या होत्या. गाडी त्यांनीच चालवत आणली होती. त्यांनी विचारलं, "कुणाचा?"

"ते बाटलीवर लिहिलेलं नसतं, वहिनी," हमीदभाई म्हणाले.

गाडी जुनी होती. मोठी मुलगी जन्मली त्या वर्षी घेतलेली, मोतिया रंगाची, पुढच्या काचेला एकही तडा नसलेली. शशिकांतराव पाटबंधारे खात्यात होते. निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतरही बरीच वर्षं ही गाडी त्यांनी चालवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसायचं, पण कडेचं दिसेनासं झालं, आणि साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायची नाही असं स्पष्ट सांगितलं. तेव्हा कुमुदताई साठीला आल्या होत्या. त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, कॉलेजच्या मुलींबरोबर बसून शिकल्या आणि पहिल्याच परीक्षेत पास झाल्या. आता शशिकांतराव डाव्या सीटवर बसायचे आणि कुमुदताई गाडी चालवायच्या.

बिघाड उन्हाळ्यापासून सुरू झाला होता. रस्ता मोकळा असला की गाडी नीट पळायची. पण एखादी नवी गाडी मागून येऊन पुढं गेली, की ही झटके खायची, दोनदा खोकायची आणि बंद पडायची. कृष्णेच्या पुलावर एकदा एक पांढरी गाडी पुढं गेली आणि ही पुलाच्या मधोमध उभी राहिली. पांढरी गाडी नजरेआड होईपर्यंत ती सुरू झाली नाही.

"पण आत जातो कसा?" शशिकांतरावांनी विचारलं.

हमीदभाईंनी टाकीचं झाकण काढून दाखवलं. झाकणाला बारीक भोक होतं. "पेट्रोल कमी होईल तशी टाकीत हवा जावी लागते, नाहीतर टाकी दबते. म्हणून जुन्या झाकणाला हे भोक. आता हवेत जे असेल ते आत जाणार. नव्या गाड्यांना असलं भोक नसतं. त्यामुळं नव्या गाडीत माणसाचं काही जात नाही."

त्यांनी टाकी उतरवली, धुतली, वाऱ्याच्या नळीनं पाइप साफ केले, फिल्टर बदलला आणि कार्बोरेटर खोलून त्यातले जेट सुईनं मोकळे केले. कार्बोरेटरच्या वाटीतही हिरवं होतं, सायीसारखं. शशिकांतराव शेजारी स्टुलावर बसून सगळं पाहत होते. निघताना हमीदभाई म्हणाले, "आधी पंपावर विचारून घ्या. तिथूनच आला असेल तर माझी मेहनत वाया."

पंपाचा मॅनेजर अदबीचा माणूस होता. त्यानं दोघांना आत बसवलं आणि पंखा लावला.

"प्रत्येक टँकर तपासल्याशिवाय आम्ही माल उतरवून घेत नाही," तो म्हणाला. "घनता बघतो, पाणी बघतो, मत्सर बघतो. मागं एकदा आमच्या टाकीत राग सापडला होता. तो टँकरच्या ड्रायव्हरचा होता, त्यानं मान्यही केलं. पण मत्सर आजवर कधीच नाही. तुम्ही घरात बघा, किंवा शेजारी."

"शेजारी," शशिकांतराव लगेच म्हणाले.

शेजारी सुहास शेडगे राहायचा. तो विम्याचं काम करायचा आणि नुकतीच त्यानं बॅटरीवर चालणारी गाडी घेतली होती. त्याचं फाटक आणि जमदाड्यांची गाडी यांच्यामध्ये एक बोगनवेल होती, बस. धुतलेल्या टाकीत दिवाळीच्या आत पुन्हा हिरवा थर जमला, तेव्हा शशिकांतरावांची खात्रीच पटली. हमीदभाईंनी त्यांना नव्यानं बाटली भरून दिली आणि कसं तपासायचं ते सांगितलं. हेवा आपल्या माणसाला ओळखतो. ज्याचा असेल त्याच्यासमोर बाटली ठेवली, की थर त्याच्या बाजूनं काचेवर चढतो.

शेडग्यानं दार उघडलं, बाटली पाहिली आणि त्यांना आत घेतलं. त्याला कारण सांगितल्यावर तो रागावला नाही.

"ठेवा ना काका, टेबलावर ठेवा," तो म्हणाला. "किती वेळ बसायचं?"

"थोडा वेळ," कुमुदताई म्हणाल्या.

शेडगे बाटलीसमोर ताठ बसला. थर सपाट राहिला. त्याची बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तीही बसली. थर सपाटच राहिला.

"तुमच्या गाडीबद्दल मला काही वाटतच नाही हो, काका," शेडगे शेवटी म्हणाला. "खोटं कशाला बोलू. माझ्या साडूची गाडी बघितली की मला जेवण जात नाही. पण तुमची बघून तसं होत नाही."

"नीट विचार कर," शशिकांतराव म्हणाले. "इतक्या वर्षांत या गाडीला एकदाही रंग द्यावा लागला नाही. हेडलाइट मूळचे आहेत. आता असे हेडलाइट मिळत नाहीत."

शेडग्यानं डोळे मिटून मनापासून प्रयत्न केला. कपाळावर आठ्या आल्या. मग त्यानं डोळे उघडून बाटलीकडं पाहिलं आणि मान हलवली.

"जमत नाही, काका. माफ करा."

शशिकांतराव तिथला चहा न पिताच उठले. बाटली कुमुदताईंनी पदराआड धरून घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. मग त्यांनी घरी चहा केला. शशिकांतराव आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले आणि शेडग्याला कशाचीच कदर नाही असं सांगू लागले. ते बोलत असताना बाटलीतला हिरवा थर एका बाजूनं वर चढला आणि त्यांच्याकडं कलून थांबला.

कुमुदताईंनी बाटली अर्धी फिरवली. थर सावकाश उतरला, फिरला आणि पुन्हा शशिकांतरावांच्या बाजूला चढला.

"अहो," त्या म्हणाल्या. "तुमचा आहे."

"खिडकीतून वारा येतोय."

कुमुदताईंनी उठून खिडकी लावली. थर तसाच राहिला. शशिकांतरावांनी कपबशी बाजूला सरकवली.

"परवा तू मंडईतून गाडी काढलीस," ते म्हणाले. "ती कोथिंबीरवाली रस्त्यात बसते, तिनं पाटी उचलून तुला वाट दिली. वर हसली. मी इतकी वर्षं तिथून गाडी नेली. मला कधी कुणी पाटी उचलून वाट दिली नाही. मला हॉर्न वाजवायला लागायचा."

"मला हॉर्नची गरज पडत नाही."

"तेच म्हणतोय मी."

थर आणखी एक बोट वर चढला. कुमुदताईंनी बाटली जरा लांब सरकवली.

"आधी सांगायचंत मला."

"सांगण्यासारखं काय आहे त्यात? मला दिसत नाही, तू चालवतेस. कुणाची चूक नाही. पण तुझ्या शेजारी बसलो की माझा उजवा पाय ब्रेक दाबतो आणि तिथं ब्रेक नसतो."

"मी त्या सीटवर सगळा संसार बसून काढला."

"मग तुझा पाय कधी दाबला गेला नाही?"

"नाही," कुमुदताई म्हणाल्या. "मी झोपायचे."

त्या रात्री दोघं नेहमीप्रमाणे जेवले. बाटली कुमुदताईंनी फडताळात, तुपाच्या बरणीमागं ठेवली. शशिकांतराव झोपायला गेल्यावर थर भिंतीच्या त्या बाजूला कलला, जिकडं त्यांची खोली होती.

हमीदभाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना हायसं वाटलं. "घरचाच निघाला का, बरं झालं. बाहेरच्याचा असता तर त्याला किती वेळा सांगायला जाणार?" मग त्यांनी उपाय सांगितले. पहिला उपाय साहेबांना मागच्या सीटवर बसवायचा. हा उपाय त्यांनी फार विचार न करता सांगितला होता, कारण या गाडीची टाकी मागच्या सीटच्या मागंच होती. शशिकांतराव मागं बसू लागल्यावर थर दुप्पट वेगानं साचला. हमीदभाईंनी चूक कबूल केली आणि पुढच्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

दुसरा उपाय साहेबांना गाडीपासून लांब ठेवायचा. शशिकांतराव कपड्यांची पिशवी घेऊन भुईंजला धाकट्या भावाकडं राहायला गेले. टाकी स्वच्छ झाली. गाडी एका चावीला सुरू होऊ लागली आणि नव्या गाड्या पुढं गेल्या तरी तिला काही वाटेनासं झालं. फक्त कुमुदताईंना कुठं जायचंच नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं त्या शशिकांतरावांना न्यायच्या, वाचनालयात त्यांनाच सोडायच्या, मेणवलीच्या घाटावर त्यांनाच संध्याकाळी बसायचं असायचं. एका सकाळी त्या गाडी घेऊन निघाल्या, गावाला एक चक्कर मारली आणि घरी परत आल्या. मग त्यांनी भुईंजला फोन लावला.

"गाडी कशी आहे?" शशिकांतरावांनी विचारलं.

"उत्तम चालते. तुम्ही परत या."

"मग बिघडेल."

"बिघडू दे."

ते आले, आणि अर्थातच ती बिघडली. तेव्हा हमीदभाईंनी तिसरा उपाय काढला. ते म्हणाले, हेवा निघत नसेल तर गाडीच त्यावर चालवू. त्यांनी टाकीतला पाइप तळापर्यंत खाली घेतला, कार्बोरेटरमध्ये मोठ्या भोकाचा जेट बसवला, टायमिंग थोडं मागं घेतलं. "पेट्रोल घालत जा, पण नावाला," त्यांनी बजावलं. "इंजिन आता खालचं ओढणार. खालचं संपलं की वरचं पेट्रोल तिला चालणार नाही, तेवढं लक्षात ठेवा. दोन्ही एका कार्बोरेटरवर बसत नाही."

कुमुदताईंनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं ते इतक्या भरदार आवाजात, की स्टँडवरच्या दोन-तीन माणसांनी वळून बघितलं. गाडी नवी असतानाही तिला असं पिकअप नव्हतं. मंडईच्या चढावर तिनं दुसऱ्या गिअरमध्येच रिक्षा मागं टाकली. घरासमोर गाडी लावली तेव्हा शेडगे फाटकाशी उभा होता. त्यानं इंजिनाचा आवाज नीट ऐकून घेतला.

"काका, आता थोडं वाटतंय," तो म्हणाला.

शशिकांतरावांना बरं वाटलं. पण कुमुदताईंनी शेडग्याला टाकीपासून जरा लांब उभं राहायची विनंती केली, कारण दोन घरांचा हेवा एकत्र झाला तर फिल्टर चोंदतो असं हमीदभाईंनी सांगितलं होतं. शेडग्यानं ती मान्य केली आणि तो पुढं कायम बोगनवेलीच्या पलीकडूनच गाडी बघायचा.

मग घरात एक रीत पडली. दुपारचा चहा झाला की शशिकांतराव अंगणात टाकीजवळ खुर्ची टाकून बसायचे. कुमुदताई शेजारी जोत्यावर बसून तांदूळ निवडायच्या आणि दिवसभरात काय काय झालं ते सांगायच्या. बँकेसमोर एवढ्याशा जागेत गाडी लावली, तर वॉचमन टाळ्या वाजवायचा राहिला. तलाठ्याची बायको म्हणाली, तुमच्याबरोबर आले तर भीती वाटत नाही, आमच्या ह्यांच्याबरोबर वाटते. शशिकांतराव ऐकायचे, मान खाली घालायचे, आणि झाकणाच्या भोकातून अगदी बारीक सूं असा आवाज यायचा. साताऱ्याला जायचं असलं तर आदल्या दिवशी जरा जास्त वेळ बसावं लागायचं.

यात खोटं चालत नसे. एकदा कुमुदताईंनी, प्रांतसाहेबांनी आपल्याला सलाम केला असं रचून सांगितलं. शशिकांतरावांना ते रचलेलं कळलं आणि त्यांनी सौजन्य म्हणून हेवा केला. तो हेवा पेट्रोलवर तेलासारखा तरंगत राहिला, इंजिनापर्यंत पोचलाच नाही. त्यानंतर कुमुदताईंनी फक्त खरं तेच सांगायचं ठरवलं. खरंही पुरेसं होतं.

थंडी संपत आली तशी गाडी मंद होऊ लागली. चढावर धापा टाकायची. कुमुदताईंनी हमीदभाईंना दाखवलं, त्यांनी सगळं तपासलं आणि यंत्रात काही दोष नाही असं सांगितलं. दोष कुठं होता ते कुमुदताईंना हळूहळू कळत होतं. टाकीजवळ बसल्यावर शशिकांतराव आता मान खाली घालत नसत. ते विचारायचे, "मग? वळवलीस कशी तिथून?" आणि उत्तर ऐकताना त्यांच्या ओठांवर हसू असायचं. भोकातून आवाज येत नसे.

"तुम्ही लक्ष देत नाही आहात," एकदा कुमुदताई म्हणाल्या.

"देतोय की. चांगलं वाटतं ऐकायला."

कुमुदताईंनी तांदळाचं ताट उचललं आणि त्या आत गेल्या.

मार्चमध्ये धाकट्या मुलीच्या बाळाचं बारसं होतं. ही मुलगी, मृणाल, पांचगणीला दिलेली. तिचा नवरा तिथल्या एका शाळेत शिकवायचा. हे दुसरं मूल. पहिल्या वेळी कुमुदताई आजारी होत्या आणि आजोळची कुंची कुरियरनं गेली होती. ती दुसऱ्या दिवशी पोचली, तोवर बाळाला सासरची टोपी घालून पाळण्यात ठेवून झालं होतं. मृणाल तेव्हा काही बोलली नाही. पण या वेळी ती फोनवर म्हणाली, "आई, कुंची तुझ्याच हातानं घालायची आहे. तुम्ही आल्याशिवाय मी बाळाला पाळण्यात ठेवू देणार नाही. पण सासूबाईंनी गुरुजींना बाराची वेळ दिलीय, आणि त्यांच्याशी मी किती वेळ भांडणार?"

कुमुदताईंनी मऊ सुताची, जरीकाठाची कुंची शिवली होती. ती, डिंकाचे लाडू आणि दुपटी मागच्या सीटवर ठेवून दोघं सकाळी निघाले. पसरणी घाट चढायला लागल्यावर गाडी कुरकुरत होती, पण चालत होती.

अर्ध्या घाटात वाट अडली होती. वरून आलेली एसटी आणि वर चाललेला स्ट्रॉबेरीच्या रिकाम्या खोक्यांचा टेम्पो एका वळणावर समोरासमोर येऊन थांबले होते. टेम्पोमागं गाड्या लागल्या होत्या आणि त्यांत जमदाड्यांची गाडी पहिली होती. टेम्पोला मागं यायला जागा हवी होती. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. कुमुदताई उतरल्या, मागच्या गाड्यांना एकेक करून कडेला घ्यायला सांगून आल्या, परत बसल्या आणि आपली गाडी वळणावरून उलटी, कठड्याच्या अगदी कडेनं खाली घेत गेल्या. एकदाही त्यांना पुन्हा पुढं जाऊन सावरावं लागलं नाही. टेम्पो मागं आला, एसटी निघाली. एसटीच्या ड्रायव्हरनं जाताना खिडकीतून हात कपाळाला लावला.

शशिकांतरावांना कडेचं दिसत नव्हतं, पण कठडा किती जवळून गेला ते त्यांना कळलं होतं. त्यांनी कुमुदताईंकडं तोंड वळवलं.

"कुमुद," ते म्हणाले, "मला हे जमलं नसतं. मी उतरून भांडलो असतो."

गाडी बंद पडली.

कुमुदताईंनी चावी फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन लागलं नाही. मागच्या गाड्या वळसा घालून पुढं गेल्या आणि घाटात शांतता झाली. दोघांनाही काय झालं ते समजलं होतं. कुमुदताईंनी हँडब्रेक ओढला.

"बोलायची काही गरज होती का?" त्या म्हणाल्या.

"तोंडातून गेलं."

"आता हेवा करा."

शशिकांतरावांनी प्रयत्न केला. कुमुदताईंनी त्यांना मदत केली. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी आपल्याला मुलींना शिकवायला बोलावलंय, असं त्यांनी सांगितलं. हे खरं होतं आणि त्यांनी ते अशाच अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवलं होतं.

"मग जा की," शशिकांतराव म्हणाले. "मुली तुझ्याकडं चांगल्या शिकतील."

"मी पुण्यालाही एकटी चालवत जाणार आहे."

"तुला जमेल. सकाळी लवकर निघ, म्हणजे खंबाटकीला गर्दी लागत नाही."

कुमुदताईंनी पुन्हा चावी फिरवली. काही झालं नाही. त्या दार उघडून खाली उतरल्या, गाडीच्या मागं गेल्या आणि टाकीच्या झाकणाजवळ डिकीवर हात टेकून उभ्या राहिल्या. नवऱ्याला आपला हेवा वाटेनासा झाला म्हणून त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण अकरा वाजून गेले होते, आणि वर पांचगणीला पाळण्याशेजारी मृणाल सासूशी वाद घालत असणार होती.

शशिकांतरावही उतरले आणि कठड्यावर जाऊन बसले. खाली धोम धरणाचं पाणी ऊन पडून चमकत होतं.

"इथंच एकदा बंद पडली होती गाडी," ते म्हणाले.

"कधी? मला आठवत नाही."

"तू नव्हतीस. प्रमिला होती."

कुमुदताईंनी डिकीवरचे हात काढले नाहीत. "प्रमिला कोण?"

"आमच्या धोमच्या ऑफिसात ट्रेसर होती. नकाशे उतरवून काढायची. तिची एसटी चुकली, तिला पांचगणीला भावाकडं जायचं होतं. म्हटलं, सोडतो. इथं येईपर्यंत गाडी तापली."

"मग?"

"मग काय, थंड होईपर्यंत बसलो. इथंच, कठड्यावर. तिच्याकडं पिशवीभर तुती होत्या."

"तुम्हाला तुती आवडत नाहीत."

"तेव्हा खाल्ल्या."

गाडीच्या मागच्या भागातून बारीक आवाज आला, रिकाम्या कळशीत पाण्याची धार पडावी तसा. शशिकांतराव पाण्याकडं बघत होते, त्यांनी तो ऐकला नाही.

"गाडी थंड व्हायला किती वेळ लागतो ते मला आता माहीत आहे," कुमुदताई म्हणाल्या. "अर्धा तास."

"त्या दिवशी जास्त लागला."

"बोललात काय एवढा वेळ?"

"विशेष काही नाही. ती म्हणाली, नकाशात हे धरण रोज काढते, पण पाणी असं दिसतं ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, इथून संध्याकाळी आणखी छान दिसतं."

"संध्याकाळपर्यंत बसलात?"

शशिकांतरावांनी आठवून पाहिलं. ते सरळ माणूस होते. "हो," ते म्हणाले. "बसलो होतो."

आतल्या धारेचा आवाज जड झाला. गाडी मागच्या चाकांवर थोडी खाली बसली.

"इतक्या वर्षांत बोलला नाहीत."

"विषय निघाला नाही."

"दिसायला कशी होती?"

"दिसायला साधीच. हसायची मात्र छान."

"बसा गाडीत," कुमुदताई म्हणाल्या.

चावीला हात लावताक्षणी इंजिन सुरू झालं. आवाज पूर्वीचा नव्हता. पूर्वीचा भरदार होता, हा बारीक आणि धारदार होता, आणि त्यात थांबायची इच्छा दिसत नव्हती. उरलेला घाट गाडीनं तिसऱ्या गिअरमध्ये चढला. वाटेत मघाचा टेम्पो मागं पडला, नंतर दोन नव्या गाड्या, नंतर पुण्याची एक आलिशान बस. शशिकांतरावांनी एकदा पाहिलं, तर कुमुदताई समोर रस्त्याकडं बघत होत्या आणि त्यांचे ओठ किंचित हलत होते, जणू मनाशी कसला हिशेब चालला होता.

गुरुजी घड्याळ बघत असताना दोघं मृणालच्या दारात पोचले. मृणाल बाळाला छातीशी धरून पाळण्याच्या पुढं उभी होती आणि तिचे डोळे लाल झाले होते. कुमुदताईंनी चपला काढल्या, हात धुतले, कुंची बाळाच्या डोक्यावर घातली आणि गाठ हनुवटीखाली न घालता कानामागं घातली, म्हणजे टोचत नाही. बाळ रडलं नाही. आत्यानं त्याच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी पाळणा म्हटला, लाडू वाटले गेले. मृणाल दिवसभर आईच्या खांद्याला खांदा लावून बसली होती. शशिकांतराव जावयाच्या वडिलांना घाटातली हकिकत सांगत होते. कुमुदनं गाडी उलटी कशी घेतली ते त्यांनी हातवारे करून दोनदा दाखवलं. पुढचं सांगितलं नाही.

ऊन उतरल्यावर ते परत निघाले. घाटात ती जागा आली तेव्हा कुमुदताईंनी वेग कमी केला. धरणाचं पाणी तांबूस झालं होतं. ते खरोखर छान दिसत होतं. त्यांनी गाडी थांबवली नाही.

"ती प्रमिला आता कुठं असते?" त्यांनी विचारलं.

"साताऱ्याला. मुलाकडं असते, असं कुणीतरी म्हणालं होतं. का?"

कुमुदताईंनी पेट्रोलच्या काट्याकडं पाहिलं. सकाळी निघताना तो अर्ध्याच्या खाली होता आणि वाटेत त्या कुठल्याही पंपावर थांबल्या नव्हत्या. आता काटा भरल्याच्या खुणेला टेकला होता आणि किंचित थरथरत होता.

"रविवारी जाऊन भेटून येऊ त्यांना," त्या म्हणाल्या.

शशिकांतरावांनी यावर थोडा विचार केला. "साताऱ्याला जाऊन परत यायचं म्हणजे," ते म्हणाले, "पुरेल का एवढं?"

"जायला पुरेल," कुमुदताई म्हणाल्या आणि त्यांनी वळणावर गिअर बदलला. "यायचं तिच्या दारात भरून घेऊ."